उकिरड्यापासून कडीपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला गेलं, की तंबू ठोकायच्या प्रत्येक जागेवर एक तपकिरी लोखंडी पेटी बसवलेली दिसते. जुन्या घरातल्या धान्याच्या कोठीइतकी दणकट. दाराची कडी अशा बेताने केलेली, की माणसाच्या बोटांना ती सहज सापडावी आणि पंजाला सापडू नये. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेलहून शनिवार-रविवार गाठून येणारी मराठी कुटुंबं या पेटीपाशी हमखास थबकतात. गाडीतून ठेपल्यांचा डबा निघतो, चिवडा निघतो, लसणाची चटणी निघते. ते सगळं पेटीत जातं. मग सून म्हणते, ‘आई, तुमची टूथपेस्ट आणि साबणही द्या.’ भारतातून पहिल्यांदाच आलेल्या सासूबाईंना ते पटत नाही. ‘अगं, साबण कोण खाणार?’ सून सांगते, ‘खात नाही हो, पण त्याला वास येतो ना.’ साबण, क्रीम, बाळाचे ओले रुमाल, रिकामा पण न धुतलेला डबा, सगळं आत जातं आणि कडी बसते.

ही कडी बसायला अमेरिकेला शंभर वर्षं लागली. जबाबदार पर्यटन हा शब्द आज माहितीपत्रकांत सर्रास सापडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ही कल्पना रुजली ती कचऱ्याच्या डब्याच्या झाकणातून, आणि त्याआधी माणसं आणि अस्वलं दोन्ही बळी गेली. म्हणून या डब्याचा मागोवा घ्यावासा वाटला.

सुरुवात यलोस्टोनपासून होते. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आलं. १८८३ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे उद्यानाच्या जवळ पोहोचली. रेल्वेमागून मोठी लाकडी हॉटेलं आली, हॉटेलांमागून मुदपाकखाने आले आणि मुदपाकखान्यांतून रोज घमेलीच्या घमेली खरकटं निघू लागलं. ते टाकायचं कुठे? हॉटेलच्या मागे, झाडीत. कोणी ठरवून केलेली गोष्ट नव्हती. आपल्याकडे प्रत्येक वाड्यामागे उकिरडा असायचा, तसाच हाही एक उकिरडा. फरक एवढाच, की इथे कोंबड्या आणि डुकरांऐवजी संध्याकाळी अस्वलं यायची.

अस्वलाचं पोट समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. हिवाळ्यातले कित्येक महिने ते गुहेत काही न खाता काढतं. त्यामुळे शरद ऋतूत त्याला दिवसाला २० हजार कॅलरींपर्यंत खावं लागतं. जंगलात तेवढं मिळवायचं तर मुळं उकरा, बेरी ओरबाडा, पाइनच्या बिया शोधा, दगडांखालचे पतंग चाटा, ओढ्यातले मासे पकडा. उकिरड्यावर हे सगळं एकाच ठिकाणी, मांसाच्या चरबीसकट, बसल्या जागी मिळतं. अस्वलाचं नाक इतकं तीक्ष्ण, की एकदा वास लागला की ते तो विसरत नाही. आणि आई जिथे जाते तिथे पिल्लं मागे असतातच. एका मादीला चटक लागली की पुढची पिढीही तिथेच शिकते.

अर्नेस्ट थॉम्पसन सीटन हा निसर्गलेखक १८९७ साली यलोस्टोनला आला. फाउंटन हॉटेलच्या उकिरड्यावर अस्वलं जवळून पाहता यावीत म्हणून त्याने त्या ढिगातच खड्डा केला आणि दिवसभर आत दडून बसला. चहूबाजूंनी कुजकं, वर माश्या, आणि हातात वही. त्या दिवसातून त्याची ‘जॉनी बेअर’ ही गोष्ट आली. जंगलाचा एवढा अभ्यासू माणूस अस्वल बघायला जंगलात न जाता कचऱ्यात जाऊन बसला, कारण अस्वलं तिथेच होती. हे चित्र मला फार अस्वस्थ करतं.

हाताने अस्वलाला भरवायला मनाई करणारा नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाला होता. तो कागदावरच राहिला, कारण अस्वल हेच उद्यानाचं सर्वांत मोठं आकर्षण होऊन बसलं. १९१५ साली यलोस्टोनमध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि अस्वलं उकिरड्यावरून रस्त्यावर आली. मागच्या पायांवर उभं राहायचं, पुढचे पंजे गाडीच्या दारावर टेकायचे, बिस्कीट मिळेपर्यंत हलायचं नाही. एका अस्वलाला तर लोकांनी नामांकित दरोडेखोराच्या नावावरून जेसी जेम्स म्हणायला सुरुवात केली, कारण ते गाड्या अडवून खंडणी घ्यायचं. लोक हसायचे, फोटो काढायचे. तेव्हा ते खरंच गमतीचं वाटलं असणार. माथेरानला माकडाच्या हातात वेफरची पिशवी देऊन फोटो काढणाऱ्यांनाही ते गमतीचंच वाटतं.

१९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिच्या कायद्याने दोन कामं एकाच दमात सांगितली: निसर्ग जपायचा आणि लोकांना त्याचा आनंद घेऊ द्यायचा, पण असा की पुढच्या पिढ्यांसाठी तो जसाच्या तसा राहील. ही दोन कामं एकमेकांना छेद देऊ शकतात. अस्वलांच्या बाबतीत पहिली पंचवीस वर्षं आनंदाचंच पारडं जड राहिलं. १९१९ ते १९२९ यलोस्टोनचे अधीक्षक असलेले होरेस ऑल्ब्राइट पुढे याच सेवेचे संचालक झाले. जंगलात टेबल मांडून अस्वलांच्या पंगतीला बसलेल्या त्यांचं छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण संसदेकडून निधी मिळवायचा तर पर्यटक हवेत आणि पर्यटक आणायचे तर अस्वलं हवीत, हा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब त्या काळापुरता बरोबर आला, म्हणूनच पुढे महाग पडला.

१९३१ साली यलोस्टोनमध्ये ऑटर क्रीकजवळ या खेळाला पक्कं रूप मिळालं. डोंगरउतारावर बाकांच्या रांगा, समोर सिमेंटचा ओटा, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्या ओट्यावर हॉटेलांतलं खरकटं ओतलं जायचं. झाडीतून ग्रिझली जातीचं एकेक अस्वल बाहेर यायचं. मोठे नर आधी, पिल्लांसकट माद्या कडेकडेने. घोड्यावर बसलेला रेंजर प्रेक्षकांना अस्वलांविषयी व्याख्यान द्यायचा, शेजारी बंदूक तयार. योसेमिटीच्या दरीतही रात्री दिवे लावून असाच खेळ चालायचा. म्हणजे सरकारी नोकर, सरकारी जागेवर, शेकडो नागरिकांना दाखवत होते की रानटी प्राणी उष्टं खाताना कसा दिसतो. शिकवणूक म्हणून याहून वाईट काही सुचत नाही.

याला पहिला ठाम विरोध केला तो जॉर्ज राइट या तरुणाने. योसेमिटीत निसर्ग-अभ्यासक म्हणून नोकरी करणाऱ्या राइटने उद्यानांतल्या प्राण्यांची पाहणी सुरुवातीला स्वतःच्या पैशातून केली. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की प्राण्यांना त्यांचं स्वतःचं जगणं जगू देणं हेच उद्यानांचं काम आहे. १९३६ साली एका मोटार अपघातात तो गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तो अजून वीस वर्षं राहता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता असं मला वाटतं. योसेमिटीतला खेळ १९४० साली थांबला, ऑटर क्रीकचा १९४१च्या हंगामानंतर. पण उकिरडे तसेच राहिले, फक्त प्रेक्षकांच्या नजरेआड गेले. रस्त्याकडेची भीकही चालूच होती. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे दर वर्षी सरासरी ४८ माणसं जखमी झाली आणि मालमत्तेचं नुकसान शंभराहून अधिक वेळा झालं. १९५८ साली टीव्हीवर योगी बेअर आला. सहलीच्या टोपल्या पळवणारं हे लाडकं अस्वल घराघरांत पोहोचलं, आणि भीक मागणारं अस्वल हेच अमेरिकेच्या मनातलं खरं अस्वल झालं.

मग १३ ऑगस्ट १९६७ची ती रात्र आली. मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी उघड्यावर झोपलेल्या दोन मुलींना मारलं. दोघीही एकोणीस वर्षांच्या. १९१० साली उद्यान झाल्यापासून सत्तावन्न वर्षांत तिथे अस्वलाने एकाही माणसाचा जीव घेतला नव्हता. चौकशीत जे निघालं ते जुनंच होतं. एका ठिकाणी डोंगरावरच्या विश्रामगृहामागच्या घळीत रोज रात्री खरकटं टाकलं जात होतं आणि पाहुणे ते बघायला जमत होते. दुसऱ्या ठिकाणी तळ्याकाठच्या मुक्कामांवर एक अस्वल संपूर्ण उन्हाळा अन्न पळवत फिरत होतं, तक्रारी होत होत्या, आणि कोणी काही केलं नव्हतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आपण म्हणतो. इथे काळाला माणसांनीच सोकावलं होतं, रोज संध्याकाळी, ताटं खरवडून.

त्यानंतर यलोस्टोनने उकिरडे बंद करायला घेतले. रॅबिट क्रीकचा १९६९ साली, हेडन खोऱ्यातला ट्राउट क्रीकचा १९७० साली. निर्णय योग्य होता. तो राबवायचा कसा, यावरून मात्र उद्यानाचे अधिकारी आणि फ्रँक व जॉन क्रेगहेड या भावांमध्ये जोरदार वाद झाला. क्रेगहेड बंधू १९५९पासून यलोस्टोनच्या ग्रिझलींचा अभ्यास करत होते. १९६१ साली ग्रिझलीच्या गळ्यात पहिल्यांदा रेडिओ-पट्टा त्यांनीच बांधला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तीन पिढ्या उकिरड्यावर पोसलेलं जनावर एका हंगामात जंगलावर परतणार नाही, ते मुक्कामांच्या तंबूंकडे वळेल. उकिरडे हळूहळू बंद करा, मधल्या काळात दूरच्या खोऱ्यांत मेलेली हरणं टाका. अधिकाऱ्यांचं मत उलट होतं, लवकर तोडलं तर लवकर सुटेल.

उकिरडे झटपट बंद झाले आणि क्रेगहेडांनी सांगितलं तेच घडलं. अस्वलं मुक्कामांत शिरली, गावांत शिरली, आणि गोळ्यांना बळी पडली. थोड्याच वर्षांत यलोस्टोन आणि आसपासच्या प्रदेशात शंभराहून जास्त ग्रिझली मेल्या. १९७५ साली केंद्र सरकारला ग्रिझलीची नोंद धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत करावी लागली. त्या भागात तेव्हा सुमारे १३६ ग्रिझली उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. उद्यानाची बाजू मांडणारे आजही सांगतात की शेवटी जंगलाने अस्वलांना परत घेतलं, आणि ते खरंही आहे. पण ज्यांनी सवय लावली त्यांनी ती सुटायला वेळ देणं हे कर्तव्य होतं. माझ्या मते इथे क्रेगहेड बरोबर होते.

उकिरडे बंद झाले, पण माणसांनी जेवणं बंद केलं नव्हतं. डबा खरा कामाला लागला तो इथून. साधं पत्र्याचं पिंप अस्वल एका फटक्यात आडवं करतं. म्हणून जाड पत्रा, जमिनीत काँक्रीट, आणि झाकणावर टोपीसारखा पुढे आलेला भाग आला. त्या टोपीखाली हात वर घालायचा, आतली कळ बोटांनी दाबायची, तेव्हा झाकण उचलतं. माणसाचा सपाट तळवा त्या फटीत जातो. लांब नखांचा जाड पंजा जात नाही. पहिल्यांदा वापरणारे पर्यटक झाकण ओढत उभे राहतात, मग कोणीतरी दाखवतं. पाठीवर सामान घेऊन जंगलात जाणाऱ्यांसाठी १९८०च्या दशकात गोल, गुळगुळीत, जाड प्लॅस्टिकचा डबा आला. त्याला ना कान ना कड, अस्वलाच्या जबड्यात मावू नये इतका रुंद, आणि झाकण उघडायला नाण्याने स्क्रू फिरवायचा. रिकामाच सव्वा किलोच्या आसपास. पाठीवर तो वाहणारे कुरकुरतात, पण योसेमिटीच्या रानात त्याच्याशिवाय मुक्काम करता येत नाही.

योसेमिटीत ग्रिझली नाहीत. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, राज्यातल्या जिवंत ग्रिझली मात्र १९२०च्या दशकातच संपल्या. तिथे आहेत ती काळी अस्वलं, अंगाने लहान आणि डोक्याने तल्लख. उकिरडा गेल्यावर त्यांनी गाड्या शोधल्या. दाराच्या वरच्या कडेत नखं रोवायची आणि चौकट खाली वाकवायची, ही विद्या आयांनी पिल्लांना शिकवली. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांच्या उपद्रवाचे एकूण जवळपास १६०० प्रकार झाले, नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या वर गेलं. तेव्हा कुठे संसदेने खास पैसे दिले, दोन हजारांहून अधिक पेट्या बसल्या, रात्री गाडीत अन्न ठेवायला बंदी झाली, दंड ५ हजार डॉलरपर्यंत ठेवला गेला. २००१ ते २००७ या काळात अस्वलांनी फोडलेल्या ९०८ गाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की एक चतुर्थांशाहून जास्त मिनीव्हॅन होत्या. संशोधकांनी त्याची काही संभाव्य कारणं दिली. त्यातलं एक कोणत्याही आईला लगेच पटेल: त्या गाड्यांत लहान मुलं असतात, आणि बिस्किटांचा चुरा सीटच्या फटीत असतो. आज योसेमिटीत वर्षाला घडणारे प्रकार शंभराच्याही खाली आले आहेत.

नवा डबा चांगला की वाईट हे ठरवतात खुद्द अस्वलंच. यलोस्टोनच्या पश्चिम दारावरच्या वेस्ट यलोस्टोन गावात १९९३ साली एक केंद्र सुरू झालं. माणसांच्या अन्नाला सोकावलेली, म्हणून जंगलात परत सोडता न येणारी अस्वलं तिथे आहेत. कंपन्या आपले डबे पाठवतात. त्यात मासे, शेंगदाण्याचं लोणी असं काहीतरी भरतात आणि ग्रिझलीच्या पुढ्यात टाकतात. ग्रिझली त्यावर उडी मारते, चावते, पुढचे दोन्ही पाय एकत्र करून वरून आदळते. तिने प्रत्यक्ष झोंबलेला वेळ मोजतात. साठ मिनिटं डबा टिकला तर पास. ज्यांना आपल्या खरकट्याने जंगलातून उठवलं, त्याच अस्वलांच्या मेहनतीवर आज दुसऱ्या अस्वलांचं जंगल टिकून आहे.

तरी एखादं अस्वल माणसावर मात करतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतात दोन्ही कानांना पिवळ्या पट्ट्या असलेली एक छोटी, लाजाळू मादी होती, म्हणून तिचं नाव यलो-यलो. इतर अस्वलांनी ज्यापुढे हात टेकले होते असा एक डबा तिने दाताने कळ दाबून उघडला. कंपनीने दुसरी कळ बसवली, तीही तिने उघडली. २०१२ साली शिकारीच्या हंगामात ती मारली गेली. पाच-सहा किलोमीटर चालून आलेल्या माणसाच्या डब्यातलं सुकामेव्याचं पाकीट तिला इतकं का हवं होतं, याचं उत्तर तिच्या कुणा आजीपणजीच्या आयुष्यात एखाद्या उकिरड्यापाशी सापडेल, असं मला वाटत राहतं.

उद्यानांबाहेर ही कडी अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. कोलोरॅडोतल्या डुरँगो शहरात काही वस्त्यांना हजाराहून अधिक अस्वलरोधक डबे वाटून अभ्यास केला, तर कचऱ्यावरून होणारा त्रास त्या भागात सुमारे ६० टक्क्यांनी घटला. दुसरीकडे लेक टाहोच्या काठी घरं फोडणाऱ्या ‘हँक द टँक’ या सव्वादोनशे किलोच्या अस्वलाची २०२२ साली मोठी बातमी झाली. डीएनए तपासल्यावर कळलं की तिथे एक नव्हे, किमान तीन अस्वलं होती. त्यांतली एक मादी २०२३च्या ऑगस्टमध्ये पकडून कोलोरॅडोतल्या प्राणिआश्रमात धाडली, तिची तीन पिल्लं वेगळी ठेवली. दोष तिचा नव्हता. तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घरांसमोरचे डबे उघडे होते.

हे वाचताना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची आठवण होणारच. तिथे कचऱ्यावर कुत्री वाढली आणि कुत्र्यांमागे बिबटे वस्तीत आले. ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या मोहिमेने २०११पासून लोकांना हेच सांगितलं, की बिबट्याला पकडण्याआधी कचरा उचला. जनावर वेगळं, खंड वेगळा, साखळी तीच.

यलोस्टोनला २०२१ साली ४८ लाखांहून अधिक माणसं येऊन गेली. एवढ्या गर्दीतही आज ग्रिझलीमुळे जखमी होण्याची शक्यता साधारण २७ लाख भेटींमागे एक इतकी खाली आली आहे, आणि यलोस्टोन व भोवतालच्या प्रदेशात ग्रिझलींची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली आहे. अस्वलं तीच, नाकं तीच, भूक तीच. बदलली ती माणसाची सवय, आणि तीही जिथे बदलली तिथेच.

या उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे गेलात आणि योसेमिटीला मुक्काम ठरला, तर चिवडा, लाडू, चटणी, साबण, बामची बाटली, सगळं अंधार पडायच्या आत पेटीत ठेवा. बाळाच्या खुर्चीच्या फटीतला चुरा झटकून टाका, पण जमिनीवर नको, डब्यात. आणि कडी बसल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत पेटीपासून हलू नका.